गिऱ्हणातली हांडी

बायजाले मी कधी पळताना पाह्यलं नव्हतं. भट्टीत पाव करपत असो का दारात कोणी बोंबलत असो, ती आपली सावकाश. मले त्या सावकाशपणाचा लय राग ये, अन् मी तिले तोंडावर बोलायची. पण त्या बुधवारी दुपारी, गिऱ्हण सुटल्यावर, ती यशोदाबाईच्या परसातून आमच्या शेडाकडं धावत आली. पदर कुठी हाय याचं तिले भान नव्हतं.

"हांडी नाई," ती म्हणली.

"कोणती हांडी?"

"खमिराची. उकिरड्यावर फुटून पडली हाय."

आता भट्टीचं सांगतलं पायजे, नाईतर एका मातीच्या हांडीसाठी एवढं रामायण काऊन, असं कोणी म्हणन.

पुलगावात रेल्वे लाइनच्या अलीकडं यशोदाबाईचं किराणा दुकान होतं. दुकानामागं टिनाचं शेड, अन् शेडात आमची पावाची भट्टी. जागा अन् मैदा यशोदाबाईचा. लाकडं फोडणं अन् भट्टी तापवणं जंगलूभाऊचं, म्हणजे बायजाच्या नवऱ्याचं. मळणं बायजाचं अन् माहं. पावाची टोपली सायकलवर बांधून फौजेच्या डेपोच्या रस्त्यावरच्या कँटीनले पोचवणं आमच्या मालकाचं. मी नवऱ्याचं नाव घेत नाई, पण तुमाले समजावं म्हणून एकदा घेते, कवडू. गावातले लोक तवा पाव म्हटलं का तोंड वाकडं करत. आजाऱ्याचं खाणं म्हणत. आमचा सगळा माल खपे तो त्या कँटीनवर. हमाल, ट्रकवाले, मजूर सकाळी चहासंगं पाव खात. त्या एका टोपलीवर आमची तीन घरं उभी होती. त्याच्या आधी मी कापसाच्या जिनात कामाले होती. कापसाची रुई छातीत बसून मी रातभर खोकलायची. बायजा जंगलातून मोळ्या आणायची. आमच्यापैकी कोणाले परत तिकडं जायचं नव्हतं.

अन् ही सगळी भट्टी त्या हांडीतल्या खमिरावर चाले. लढाईच्या काळात कॅम्पात एक मद्रासकडचा म्हातारा पाव बनवे. बायजा त्याची भांडी घासायची, घासता घासता शिकली. तो गावी जाताना तिले ओंजळभर आंबवलेलं पीठ देऊन गेला. तवापासून रोज संध्याकाळी ती त्याले मैदा चारायची, कोमट पाणी पाजायची, चिमूटभर गूळ द्यायची. रोजच्या मळणीत त्यातलं अर्धं टाकायचं, अर्धं पुढं वाढवायचं. ते नसलं तं पाव फुगत नाई. विकत भेटणारी वस्तू नव्हती ती.

त्या हप्त्यात हिव लय पडलं होतं. शेडाच्या टिनातून वारा येई, खमीर बसून जाई. भट्टीवर हांडी ठेवली तं एका रातीत बुडाचं भाजलं. तवा यशोदाबाईच म्हणली होती का ठेव माह्या चुलीजोळ. ही काई लहान गोष्ट नव्हती. बायजा गोंडाची. तिच्या हातचं पाणीसुद्धा त्या घरात चालत नव्हतं. तरी हांडी आत गेली. मले तवा बरं वाटलं होतं, अन् आता उकिरड्यापाशी उभी राहून मी त्याच चांगुलपणाले शिव्या देत होती.

यशोदाबाई न्हाऊन, ओल्या केसानं मागच्या दारात उभी होती. वय साठीचं, अंगानं किडकिडीत. आवाज मात्र दुकानाच्या पायरीपासून रेल्वेच्या फाटकापर्यंत जायचा. त्या दिवशी तो आवाज खाली होता.

"तुमी फेकलं, बाई?" बायजानं विचारलं.

"गिऱ्हण होतं. आंबलेलं, शिळं घरात ठेवत नाई. सारं जग फेकते."

"तुळशीचं पान टाकाले काय झालं होतं?" मी म्हणली. "लोणच्यावर टाकता, तुपावर टाकता, मंग त्याच्यावर टाकाले हात मोडले होते काय?"

"तू मले शिकवू नको वो मनकर्णे."

बायजानं हांडीचं एक खापर उचललं. मंग हळूच म्हणली, "माह्या हाताचं होतं म्हणून फेकलं."

यशोदाबाईनं दार लावून घेतलं. माह्या डोळ्यासमोर ते दार लागलं तवा मले वाटलं का भट्टीच बंद झाली. मनात म्हटलं, बायजा बरोबर बोलली.

बायजा उकिरड्यात गुडघ्यावर बसून खापराले चिकटलेलं पीठ खरडाले लागली. खाली शेण, राख, केर. मी तिचा हात धरला.

"हे नाई घ्याचं. लोकायच्या तोंडात जाते."

"मंग काय घेऊ? दहा वर्सं झाली मनकर्णे. माहं एकही लेकरू एवढं जगलं नाई."

मी तिचा हात सोडला. तिचे दोन पोर तापानं गेले होते, हे साऱ्या मोहल्ल्याले माहीत होतं. जंगलूभाऊ येऊन उभा राह्यला. ते दोघं आपल्या बोलीत बोलले. मले त्यातलं काई समजत नाई, पण तो ओरडत नव्हता. मंग तो शेडात गेला, पीठ मळाची सागाची मोठी काठवट त्यानं उन्हात आडवी केली अन् विळ्याच्या टोकानं तिच्या भेगा कोराले लागला. ती काठवट आमी रोज खरडत होतो, पण धूत कधी नव्हतो. भेगांत जुनं पीठ वाळून बसलं होतं. त्याचे कण पडले तसे मी पदरात झेलले.

"चिमटीभर हाय," मी म्हणली.

"चिमटीभरच होतं पहिल्यांदा," जंगलूभाऊ म्हणला. तो दिवसातून चार वाक्यं बोलणारा माणूस, त्यातलं एक हे.

मंग आमी पिठाचे पंचे झटकले. आमचे मालक कँटीनवरून रिकामी टोपली घेऊन आले. काय झालं ते ऐकून त्यायनं आधी आकाशाले शिवी दिली, मंग यशोदाबाईच्या दाराले. मंग टोपलीतलं फडकं काढून त्याच्या कोपऱ्यात चिकटलेलं पीठ नखानं काढत बसले. बायजानं आपल्या घरून नवं गाडगं आणलं. वाळलेले कण कोमट पाण्यात भिजवले, गुळाचा खडा टाकला, मूठभर मैदा टाकला. पाहून मले रडू आलं. एवढ्याशा चिखलातून उद्याची टोपली कशी उभी राहीन.

"उद्याचं नाई होत," बायजा म्हणली. "जमलं तं परवा."

म्हणजे गुरुवारची सकाळ रिकामी जाणार होती.

गुरुवारी सकाळी मी मालकासंगं कँटीनवर गेली. ते म्हणत होते का तू कायले येतं. मी म्हटलं, तुमी भांडान अन् काम बिघडवान. खरं म्हणजे त्यायले एकट्याले बोलणी खाऊ द्याची नव्हती. धुकं होतं. बाकावर हमाल बसले होते, चहाचे कप हातात, अन् सगळ्यायचे डोळे आमच्या सायकलीवर. सायकलीवर टोपली नव्हती.

कँटीनचे प्रभाकरराव गल्ल्यावर बसत. अंगात कोट, गळ्याले मफलर. त्यायनं आमच्याकडं पाह्यलंच नाई, नोकराले म्हणले, "पाव कुठी हाय रे?"

"आज नाई झाला, साहेब," आमचे मालक म्हणले. "गिऱ्हण होतं ना काल."

"गिऱ्हण आभाळात होतं का तुह्या भट्टीत?"

हमाल हसले. हसणारच. सकाळी उपाशी माणसाले दुसऱ्याची फजिती गोड लागते. आमच्या मालकाचे कान लाल झाले. मी पाठीमागून त्यायच्या सदऱ्याले धरून ठेवलं.

"खमीर सांडलं," मी म्हणली. "उद्या आणतो."

प्रभाकररावानं तवा पहिल्यांदा माह्याकडं पाह्यलं. "बाई, हे एवढे लोक कोरडा चहा पिऊन कामावर चालले. उद्या सकाळी टोपली नाई आली, तं परवापासून नागपूरचा माल रेल्वेनं येईन. मी बोलून ठेवलं हाय. मंग माह्या दारात येऊन रडू नका."

"नाई रडत," मी म्हणली. आवाज कापत होता. त्याचा मले अजून राग येते.

परत येताना आमचे मालक सायकल हातात धरून चालत होते, बसले नाई. "जिनात सांगून ठेवू काय तुह्यासाठी?" एवढंच म्हणले. माह्या छातीत आत्ताच रुई शिरल्यासारखी वाटत होती.

शेडाच्या भिंतीले, जेवढं ऊन पडत होतं तेवढ्यात, बायजा बसली होती. गाडगं पोटाशी फडक्यानं बांधलेलं, वरून गोधडी. रातभर ती तशीच होती. जंगलूभाऊ बाजूले लाकडं फोडून राह्यला होता, पण लाकूड फोडण्यात त्याचं ध्यान नव्हतं.

"काई झालं?" मी विचारलं.

तिनं गोधडी सरकवून दाखवलं. वर दोन-तीन बारीक फोड आले होते. वास आंबूस, पण मेलेला नाई. तिनं पुन्हा मैदा चारला, पुन्हा झाकलं.

"गरमी कमी पडते," ती म्हणली. "माह्या अंगात आता उरली नाई."

"दे इकडं, मी धरते."

तिनं माहा हात धरून पाह्यला अन् सोडून दिला. "तुहे हात थंडे हायेत."

हे खरं होतं, पण ज्या तऱ्हेनं ती बोलली ते मले लागलं. मी म्हटलं, "मंग बस एकटीच. मैदा कोण चाळन? पाणी कोण भरन? संध्याकाळी मळाचं हाय, अन् तू उभी राह्यली तं पडशीन." वारा सुटला होता, टिनं वाजत होती, अन् ऊन सरकत सरकत तिच्या पायापाशी आलं होतं. दुपारपर्यंत फोड वाढले नाई तं संपलं, हे दोघींलेही माहीत होतं.

मैदा यशोदाबाईच्या घरातून आणाचा होता. मी गेली ती भांडाच्या तयारीनंच. काय काय बोलाचं ते मी वाटेत जमवून ठेवलं होतं. मागच्या अंगणात शिरली अन् पाय थांबले.

भिंतीपाशी चिनीमातीच्या बरण्या उलट्या घालून ठेवल्या होत्या. आंब्याच्या लोणच्याच्या, लिंबाच्या, साऱ्या. बाजूले तुपाचं पातेलं, तेही उलटं. पापडाचा डबा रिकामा. कोपऱ्यात खड्डा बुजवला होता, अन् त्याच्यावरची माती तेलानं काळी झाली होती. वर्षाचं लोणचं. ही बाई लोणच्याची फोड मोजून वाढणारी, अन् तिनं वर्षाचं लोणचं मातीत पुरलं होतं.

आतल्या खोलीत तिची सून गंगा बाजेवर बसली होती, दोन रजया अंगावर. सातवा महिना होता. तिले हलू देत नव्हते. यशोदाबाई दुकानात होती.

"हे काय केलं वो तुमी?" मी गंगाले विचारलं. "सारंच फेकलं?"

गंगा हळू आवाजात बोलाले लागली. "माहे दोन पोटातच गेले, मनकर्णाबाई, तुमाले माहीत हाय. दुसऱ्याच्या वक्ताले चंद्राचं गिऱ्हण होतं. सासूबाईनं तवा सगळ्यावर तुळशीपत्र ठेवलं होतं, काई फेकलं नव्हतं. त्या हप्त्यातच माहं पोट पडलं. तवापासून त्यायच्या मनानं घेतलं का तुळशीपत्र पुरलं नाई. काल त्या चुलीपासून देव्हाऱ्यापर्यंत हिंडत होत्या, जे हाती आलं ते नेऊन टाकत होत्या. कालपासून जेवल्या नाई."

मी जमवलेलं सारं बोलणं तिथंच राह्यलं. मैद्याचा डबा डोक्यावर घेऊन परत आली, अन् बायजाले सारं सांगतलं. लोणच्याचं सांगतलं, तुपाचं सांगतलं, तुळशीपत्राचं सांगतलं. ती ऐकत होती. जंगलूभाऊनं कुऱ्हाड खाली ठेवली.

मंग बायजा उठली, गाडगं पोटाशी तसंच, अन् यशोदाबाईच्या मागच्या दाराकडं चालाले लागली. मी मागोमाग.

यशोदाबाई अंगणात आली. आमाले पाहून तिनं पाठ ताठ केली. तिले वाटलं, आमी भांडाले आलो.

"बाई," बायजा म्हणली, "मले आता मळाचं काम हाय. माहे हात पायजेत. हे कोणी धरन?"

यशोदाबाई एक पाऊल पुढं आली. "मी धरलं तं चालन?"

बायजानं तिचा हात हातात घेतला. विचारलं नाई, घेतला. यशोदाबाईनं ओढला नाई. "थंडे हायेत," बायजा म्हणली. "उपाशी माणसाचे हात थंडेच राह्यते."

तवा आतून गंगा म्हणली, "मले द्या. मी अशीही रजईतच बसून हावो."

मी यशोदाबाईकडं पाह्यलं. तिचा चेहरा पांढरा पडला. ज्या पोटासाठी तिनं सारं घर रिकामं केलं, त्याच पोटाले आंबलेल्या पिठाचं गाडगं लावाचं. बायजाले तिची भीती दिसली. ती म्हणली, "नको बाई. मी मनकर्णाले शिकवते, ती धरन."

"थांब," यशोदाबाई म्हणली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "काल टाकताना तुहं काय, माहं काय, मी काईच पाह्यलं नाई वो बायजे. मले निस्तं तिच्या पोटातलं दिसत होतं. तुह्या हाताचं होतं म्हणून नाई टाकलं. हे तू मनातून काढ."

"काढलं," बायजा म्हणली.

"मंग आण."

बायजा पहिल्यांदा त्या घराच्या आतल्या खोलीत गेली. तिनं गाडगं गंगाच्या कुशीत ठेवलं, बाजूले उशी लावली, कसं धरावं ते दाखवलं. यशोदाबाईनं वरून रजई ओढली अन् चारी बाजूनं खोचली. "जड लागलं तं सांगजो," बायजा म्हणली. गंगा म्हणली, "गरम लागते, बरं वाटते." यशोदाबाई बाजेच्या पायथ्याशी जमिनीवर बसली अन् तिथून हलली नाई. मी चुलीवरची भाकर तिच्यापुढं ठेवली तवा तिनं ती खाल्ली.

आमी चाळलं, पाणी तापवलं, भट्टी झाडली. दर थोड्या वेळानं बायजा जाऊन हात लावून ये. दिवस कलता कलता ती आली तं चालणं वेगळं होतं. गाडग्यातलं खमीर काठाशी आलं होतं, वर जाळी धरली होती. आमच्या मालकानं टोपी काढून डोकं खाजवलं. तवाच आमी पीठ भिजवलं. कमी भिजवलं, खमीर झेपेल तेवढंच. काठवटीवर आमी चौघं लागलो. जंगलूभाऊनंही बाह्या सारल्या. मळताना बायजा मले सारखी म्हणे, "हळू, मनकर्णे, हळू." मी हळू केलं. आयुष्यात पहिल्यांदा तिचं ऐकलं.

पहाटे पाव निघाले ते रोजच्यापेक्षा लहान. रंग चांगला, पण मी एक मोडून पाह्यला तं आंबट. रोजचा पाव एवढा आंबट नसे. बायजानं चाखून पाह्यला अन् डोळे मिटून घेतले.

"लागते," ती म्हणली.

"लागू दे," आमचे मालक म्हणले, अन् टोपली बांधली.

आमी तिघं गेलो. बायजा म्हणली, मीबी येतेच. कँटीनवर तेच धुकं, तेच हमाल. प्रभाकररावानं टोपलीवरचं फडकं सारलं, एक पाव उचलून हातात तोलला. मंग मोडला, नाकाशी नेला.

"आंबट हाय."

बाकावरचे हमाल हसतील म्हणून मी वाट पाहत होती. प्रभाकररावानं तुकडा तोंडात टाकला, चावला, अन् चावता चावता आमच्या तिघांकडं पाह्यलं. बायजाच्या हातावर भाजल्याचा फोड होता, आमच्या मालकाच्या डोळ्यांखाली काळं, माह्या केसांत मैदा. तेवढ्यात एक म्हातारा हमाल उठून आला, त्यानं विचारल्याशिवाय टोपलीतून पाव उचलला, चहात बुडवला अन् खाल्ला. मंग दुसऱ्यासाठी हात घातला.

"चहात चालते," तो म्हणला.

प्रभाकररावानं मफलर सारखा केला. "उद्या आंबट नको."

मले आधी समजलंच नाई. बायजानं विचारलं, "म्हणजे उद्या आणाचा?"

"मंग काय, एका दिवसासाठी नागपूरचा माल बोलावू? टोपली आत ने."

आमच्या मालकानं टोपली आत नेली. मी बाहेर सायकलीपाशी उभी राह्यली अन् रडली. प्रभाकररावाच्या दारात रडणार नाई म्हटलं होतं, पण ते रडणं वेगळं होतं.

घरी आलो तं यशोदाबाई रस्त्यावर येऊन उभी होती, दुकान उघडं टाकून. आमचे मालक लांबूनच ओरडले का पाव घेतला. तिनं दोन्ही हात छातीशी धरले.

संध्याकाळी बायजानं नवं खमीर भरून गाडगं तिच्यापुढं केलं. "चुलीजोळ ठेवान?"

यशोदाबाईनं लगेच घेतलं नाई. "पाह्य बायजे, आताच सांगून ठेवते. पुढचं गिऱ्हण आलं, अन् घरात लेकरू असलं, तं मी पुन्हा फेकीन. माह्याच्यानं राहवणार नाई."

माहं डोकं तापलं. एवढं सारं होऊन ही बाई पुन्हा तेच बोलते. पण बायजा सावकाशपणे म्हणली, "फेकजा. मले आदल्या दिवशी सांगजा, मी येऊन घेऊन जाईन."

"सांगीन," यशोदाबाई म्हणली. गाडगं तिनं आता हातात घेतलं होतं. "पण घेऊन जाशीन तं लगेच निघून नको जाऊ. गिऱ्हण सुटेपर्यंत बस माह्याजोळ. एकटीनं लय भ्या वाटते वो."

बायजानं हो म्हटलं. मंग आमी दोघी शेडात मैदा चाळाले गेलो.